कोंडलेला वैशाख

एका राज्यात उन्हाळा बंदिवान होता. राजवाड्याच्या पोटात खजिन्याचे तळघर, तळघरात तांब्याचा रांजण, रांजणात उन्हाळा. आणि रांजणाच्या तोंडावर तीन गाठींचा काळा गोफ आवळलेला. कोंडणारा होता जळजोगी. कोंडवणारा होता राजा चंद्रकेत. आणि ही हकिकत आहे ती ताराऊची. राजबागेची ती माळीण.

राजाला एकच मुलगी होती. तिचे नाव अबोली. तिला जन्म देऊन राणी गेली, तेव्हा पोर वाढली ती दायांच्या हाती थोडी आणि ताराऊच्या बागेत फार. चालू लागली ती वाफ्यांच्या बांधांवरून, बोलू लागली ती झाडांची नावे घेत. ताराऊला मूलबाळ नव्हते. नवरा तरुणपणीच वारला, त्याच्यामागे बाग तिच्या हाती आली, आणि कितीक वर्षांनी बागेत ही मुलगी आली. अबोली आठ वर्षांची झाली तोवर दोडक्याला मांडव कधी घालायचा आणि काकडीला कधी, हे तिला न विचारता कळत होते. झाड तोडलेले तिला बघवत नसे. छाटणीच्या दिवशी ती कान झाकून बसे.

बागेच्या दक्षिण अंगाला लिंबाची चार झाडे होती. वैशाखात लिंबाला ताण देतात. म्हणजे पाणी तोडतात आणि पाने मलूल होऊन गळू लागेपर्यंत झाडाला कोरडे ठेवतात. मग पाणी सोडले की झाड फुलांनी लदबदते. त्या वर्षीही ताराऊने पाणी तोडले. आठवड्याभरात पाने वळली.

अबोली तिच्यापाशी आली. म्हणाली, "ताराऊ, लिंबाला तहान लागली आहे गं. पाणी घालू?"

ताराऊ मोगऱ्याच्या कळ्या खुडत होती. ऊन वर यायच्या आत परडी भरायची होती. मान वर न करता ती म्हणाली, "घालायचं नाही."

का, ते तिने सांगितले नाही. सांगायला चार शब्द पुरले असते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, वाळ्याचे पडदे सोडून सारा राजवाडा निजला असता, अबोली आपली छोटी पितळी कळशी घेऊन एकटीच बागेत आली. हौद उत्तरेला, लिंबे दक्षिणेला. मध्ये तापलेली फरसबंदी. डोक्यावर पदर नाही, पायांत काही नाही. किती खेपा घातल्या कोणी पाहिले नाही. ताराऊला ती सापडली तेव्हा चौथ्या झाडाखाली पडली होती, अंग निखाऱ्यासारखे, ओठ कोरडे, आणि बोलत होती ते कोणाशी ते कळत नव्हते. वैद्य आले, बर्फासारखे गार पाणी आले, चंदनाचे लेप आले. सूर्य मावळण्याआधी अबोली गेली.

राजाने साऱ्यांना उभे करून विचारले, "ती उन्हात का गेली?"

दाया म्हणाल्या, "खेळायला गेली असेल, महाराज."

ताराऊने लिंबाच्या आळ्यांतली ओली माती पाहिली होती. कळशी उचलून तिनेच हौदावर नेऊन ठेवली होती. ती गप्प राहिली. पुढे कोणी विचारले नाही, आणि तिने सांगितले नाही.

तेराव्याच्या दिवशी राजाने उत्तरेच्या डोंगरातून जळजोग्याला बोलावले. हा जळजोगी तळ्यात राहत असे. त्याची दाढी शेवाळाची होती, आणि तो जिथे बसे तिथली जमीन पाझरू लागे.

राजा म्हणाला, "उन्हानं माझी मुलगी नेली. माझ्या राज्यात ऊन नको."

जळजोगी म्हणाला, "मागितलेलं मी देतो, राजा. पण दिलेलं मी परत घेत नाही. सोडवायचं झालं, तर सोडवणाऱ्याला जड जाईल."

"सोडवायला कोणी येणार नाही."

"मग ठीक."

सात दिवस जळजोगी गच्चीवर बसून आकाशात जाळे टाकीत होता. कोळी मासे ओढतो तसे त्याने ऊन ओढले, तांब्याच्या रांजणात भरले, केसांचा काळा गोफ वळून तोंड आवळले, आणि रांजण खजिन्याच्या तळघरात नेऊन ठेवला. तेव्हापासून खजिना शापित झाला. तिथल्या सोन्याला जो हात लावी त्याच्या हाताचा कोळसा होई. राजाने सोन्याकडे पाहिलेही नाही. त्याने दवंडी पिटवली, की राज्यात उन्हाळा हा शब्द जो उच्चारील त्याला सीमेपार घालवले जाईल.

पहिल्या साली लोक सुखावले. चैत्र धुक्यात आला, वैशाखात झिमझिम लागली. दुपारी माणसे रस्त्यातून निवांत हिंडू लागली, विहिरी काठोकाठ राहिल्या. पालेभाजीला तर ऊत आला. मेथी फुलावर जाईना, खुडावी तितकी फुटे. पालकाची पाने हत्तीच्या कानासारखी रुंद झाली. अळू माणसाच्या कमरेला लागले. लोक म्हणाले, राजाने दुःखातून आपल्याला सुख दिले.

ताराऊने मात्र मोगऱ्याकडे पाहिले. मोगरा हिरवागार होता. पानावर पान, फुटव्यावर फुटवा. कळी एकही नव्हती.

मग तिने बाकीचे पाहिले. आंब्याचा मोहोर भुरी धरून काळा पडला आणि राखेसारखा झडला. काकडीच्या वेलावर फुले आली, पण मधमाश्या गारठून पोळ्यातच बसल्या, तेव्हा फुले तशीच गळली. ताराऊने गवताची काडी घेऊन या फुलाचा पराग त्या फुलाला लावला. शंभर फुलांमागे दहा काकड्या धरल्या, आणि त्यांतल्या सात टोकाकडून कुजल्या. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडले. वांग्याची रोपे बुंध्याशी मऊ होऊन आडवी झाली. कलिंगडे धरली ती वाढली, पण कापल्यावर आत फिकट पाणी निघाले. रोज सकाळी ती टोपलीभर गोगलगाई वेचून बागेबाहेर नेई. दुसऱ्या सकाळी तितक्याच असत.

दुसऱ्या साली पालेभाजीवरही करपा आला. डाळिंबे फुटली. सोनचाफ्याचे जुने झाड, ज्याच्याखाली चार पिढ्यांनी सावली घेतली होती, मुळाशी कुजून एका दुपारी आवाज न करता कलंडले. नेचे आणि शेवाळ तेवढे खूश होते.

तिसऱ्या साली बी संपले. बी वाळल्यावाचून बी होत नाही. खळ्यावर पसरावे तर ओल, आढ्याला टांगावे तर बुरशी. लोकांनी पेरले ते उगवले नाही. घरे रिकामी होऊ लागली. बैलगाड्यांवर संसार बांधून माणसे शेजारच्या राज्याच्या वाटेला लागली, आणि जाताना कोणी कारण बोलत नसे, कारण तो शब्द बोलायचा नव्हता.

एके सकाळी ताराऊने बियांचे मडके उघडले. वरच कागदाची एक पुडी होती. गोकर्णाचे बी, अबोलीने आपल्या हाताने गोळा करून, दोऱ्याने सात वेढे देऊन बांधलेले. ताराऊने दोरा सोडला. आत पांढऱ्या बुरशीचा गोळा होता. तो तिच्या बोटांत कुस्करला गेला. ती मडक्यापाशी बसली आणि तीन वर्षांत रडली नव्हती तेवढी रडली.

मग तिने डोळे पुसले, आणि ती वठलेल्या आंब्याकडे गेली.

आंब्याच्या ढोलीत तांबट पक्षी राहत असे. हिरव्या अंगाचा, कपाळावर लाल टिळा असलेला. उन्हाळाभर टुक टुक करणारा हा पक्षी तीन वर्षे मुका होता. त्या राज्यात पक्षी बोलत असत, पण विचारल्यावाचून बोलत नसत. ताराऊने त्याला ओंजळीत घेतले आणि आपल्या उच्छ्वासाने त्याचा गळा उबवला. गळा सैल झाला.

तिने विचारले, "पाखरा, कोंडलेलं सुटेल का?"

तांबट म्हणाला, "तीन गाठी आहेत, बाई. त्या कशा सुटतात ते बांधणारा जाणतो."

"तो सांगेल?"

"विचारलं तर सांगेल. तो लबाड नाही. त्याला कोणी विचारलंच नाही."

ताराऊने कांबळे पांघरले, तांबटाला पदरात घेतले आणि ती उत्तरेला चालू लागली. नऊ दिवस ती चिखलातून चालली. तळे आता तळे राहिले नव्हते, अर्धा डोंगर त्यात बुडाला होता. मधोमध जळजोगी बसला होता, देवळाच्या कळसाएवढा वाढलेला, आणि त्याच्या अंगावरून झरे वाहत होते. तो सुखी दिसत नव्हता.

"माळीणबाई," तो म्हणाला, "मला आता उठता येत नाही. सारं पाणी माझ्याकडेच येतं. का आलीस?"

"गाठी सोडवायला."

"पहिली गाठ वाजणाऱ्या बियानं सुटते. या ओलीत वाळलेली शेंग आण, हलवली की खुळखुळणारी. पण तिला विस्तव दाखवायचा नाही. दुसरी गाठ उमललेल्या मोगऱ्यानं सुटते. फूल एक पुरे."

"आणि तिसरी?"

"मी दोनच बांधल्या होत्या. तिसरी गोफ आवळताना आपोआप पडली. त्या दुपारची काही गोष्ट कोणीतरी गिळून बसलं आहे, तिची ती गाठ आहे. राजासमोर ती बोलली गेली, की सुटेल. मग राजानं आपल्या हातानं झाकण उचलावं."

ताराऊने मान खाली घातली. कोणाची गोष्ट, हे तिने विचारले नाही.

परतल्यावर तिने शिरीषाची एक शेंग तोडली. झाडावरच्या बाकी शेंगा कुजून लोंबत होत्या; ही एक तेवढी अखंड होती, पण ओलसर आणि जड. विस्तव चालायचा नव्हता. दुसरी ऊब तिच्यापाशी एकच होती, आपल्या अंगाची. ताराऊने शेंग लुगड्याखाली पोटाशी बांधली. एकवीस दिवस ती तिने अंगावेगळी केली नाही. उभ्याने काम करी, बसून जेवी, कुशीवर न वळता निजे. शेंग तिची ऊब पीत गेली आणि ती गारठत गेली. आधी तिचे पाय गार पडले, मग पाठ, मग हात. एकविसाव्या सकाळी ती वाकली तेव्हा पोटाशी काहीतरी खुळखुळले. शेंग कागदासारखी वाळली होती. ताराऊच्या हातांची ऊब मात्र गेली ती गेलीच. पुढे जन्मभर तिचे हात विहिरीतल्या दगडासारखे गार राहिले.

मोगऱ्याचे काम अधिक अवघड होते, आणि अवघड का ते तिला आधीपासून ठाऊक होते. पाणी पिऊन माजलेल्या मोगऱ्याला कळी धरायला लावायची, तर त्याला ताण दिला पाहिजे. अबोली गेली त्या दिवसापासून ताराऊने कोणत्याही झाडाला ताण दिला नव्हता. दोन दिवस ती मोगऱ्याभोवती नुसती फिरली. तिसऱ्या दिवशी तिने खुरपे घेतले. आळे उकरून मुळे उघडी केली, फांद्या छाटल्या, उरलेली पाने एकेक करून ओरबाडली, आणि पावसाचा थेंब मुळांशी पडू नये म्हणून डोक्यावरचे बांबूचे इरले उतरवून झाडावर धरून ती उभी राहिली.

चाळीस दिवस ती इरले धरून उभी होती. हात भरून आले की तांबट काठाला चोच लावून क्षणभर भार घेई, एवढ्याशा पाखराला जमेल तेवढा. पाऊस तिच्या पाठीवर पडे, मोगऱ्यावर पडत नसे. दहाव्या दिवशी कोवळे शेंडे लवले. पंधराव्या दिवशी साल सुरकुतली. झाड मरायला टेकल्यासारखे दिसू लागले. हौद दहा पावलांवर भरून वाहत होता, आणि ताराऊच्या नकळत तिचा एक हात इरले सोडून तिकडे गेला.

तो हात तिने मागे घेतला. अबोलीला काय दिसले असेल, ते तिला त्या वेळी दिसले. ज्याला ताण कशासाठी ते माहीत नाही, त्याला समोर फक्त तहानलेले झाड दिसणार. आणि ज्याला झाडाची दया आहे, तो पाणी आणणार.

ती मोगऱ्याकडे पाहून, पण मोगऱ्याशी नव्हे, म्हणाली, "पोरी, हे मारणं नव्हे. थोडं सोसलं की झाड फुलतं, म्हणून पाणी तोडतात. फार नाही, थोडंच. मग पाणी देतात. एवढं सांगायचं होतं तुला. मला परडी भरायची होती."

तांबट काही बोलला नाही. त्याला कोणी विचारले नव्हते.

तिसाव्या दिवशी तिने मुळे मातीने झाकली आणि एक ओंजळ पाणी घातले. पस्तिसाव्याला गाठीगाठीतून पोपटी डोळे फुटले. एकोणचाळिसाव्याला एक कळी आली, तांदळाएवढी; दिवसभरात ती शेंगदाण्याएवढी झाली. चाळिसाव्या सकाळी ती उमलली. तीन वर्षांत त्या बागेला वास नव्हता, कुजल्याचा सोडून. ताराऊ फुलापाशी वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. मग तिने ते खुडले, शेंगेसह द्रोणात ठेवले, आणि ती राजवाड्यात गेली.

राजा चंद्रकेत आपल्या महालात खिडक्या लावून बसला होता. भिंतींवर बुरशीची नक्षी चढली होती. त्याची दाढी वाढली होती आणि खांद्यावर गोधडी होती. ताराऊने द्रोण त्याच्यासमोर ठेवला. मोगऱ्याचा वास खोलीभर झाला तेव्हा राजाने डोळे मिटले.

"हे कुठून आणलंस?"

"बागेतून, महाराज. पण मी फूल द्यायला आले नाही. कबूल करायला आले आहे."

"बोल."

ताराऊ उभी होती, ती खाली बसली. "अबोलीबाई उन्हात खेळायला गेल्या नव्हत्या. लिंबांना पाणी घालायला गेल्या होत्या. मी झाडांना ताण दिला होता. आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, पाणी घालू का. मी नको म्हटलं, आणि का नको ते सांगितलं नाही. हातात काम होतं. त्यांना वाटलं असेल, ताराऊ झाडं मारते आहे. म्हणून त्या कोणाला न सांगता, सगळे निजल्यावर गेल्या. चारही आळी ओली होती. कळशी मीच हौदावर नेऊन ठेवली. आपण विचारलं तेव्हा मी बोलले नाही. तीन वर्षं बोलले नाही."

राजा ऐकत होता. बाहेर पन्हाळीतून पाणी गळत होते.

मग त्याने विचारले, "चारही?"

"चारही, महाराज. काठोकाठ."

"छोट्या कळशीनं."

"हो."

राजाने गोधडी खांद्यावरून काढली. "ती आधी माझ्याकडे आली होती," तो म्हणाला. "त्याच सकाळी. दरबार भरला होता, परराज्याचे वकील बसले होते. ती सिंहासनापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, बाबा, ताराऊला सांगा ना, लिंबाला पाणी घालू दे. मी म्हटलं, तुला हवं ते कर, आता जा." तो द्रोणातल्या फुलाकडे पाहत होता. "तिला आज्ञा मिळाली होती, ताराऊ. माझीच. ती चोरून गेली नव्हती."

ताराऊने वर पाहिले. तीन वर्षे एकाच बागेच्या दोन टोकांना दोघे हेच घेऊन बसले होते, आणि दोघांना वाटत होते की आपण एकटेच आहोत.

"मी सगळ्यांना विचारलं, ती उन्हात का गेली," राजा म्हणाला. "मला ठाऊक होतं का गेली ते. कोणीतरी दुसरं कारण सांगावं, म्हणून मी विचारत होतो. कोणी सांगितलं नाही, तेव्हा मी उन्हाला धरलं."

"मला शिक्षा करा, महाराज."

"आधी मला व्हायला हवी. मला कोण करील?" तो उठला. गुडघे आखडले होते, तेव्हा ताराऊने हात दिला, आणि तिच्या हाताच्या गारव्याने तो दचकला. पण हात त्याने सोडला नाही.

दोघे तळघरात उतरली, आणि उतरता उतरता ताराऊने त्याला गाठींचे आणि झाकणाचे सांगितले. दार तापून लाल झाले होते; राजाने ते काठीने ढकलून उघडले. ताराऊने शेंग वाजवली. गोफाची पहिली गाठ उकलली. मोगरा रांजणावर ठेवला, दुसरी उकलली. तिसरी त्यांनी पाहिली तर ती आधीच सैल होऊन लोंबत होती. गोफ गळून खाली पडला आणि त्याचे पाणी झाले.

ताराऊ म्हणाली, "झाकण भाजेल, महाराज."

राजा म्हणाला, "तिला भाजलं होतं." आणि दोन्ही हातांनी त्याने झाकण उचलले.

उन्हाळा बाहेर आला. आधी कोमट झुळूक आली, मग मातीचा तापलेला वास, मग प्रकाश. तळघराच्या पायऱ्यांवरून तो वर गेला, दालनांतून गेला, खिडक्या उघडीत गेला, आणि आकाशात आपल्या जागी जाऊन बसला. तो वैशाख महिना होता. दुपारची वेळ होती. उत्तरेच्या डोंगरात जळजोगी आटत आटत माणसाएवढा झाला, उठून उभा राहिला, आणि पाय हलके झाल्यासारखा आपल्या जुन्या तळ्यात उतरून गेला. वठलेल्या आंब्यावर तांबट टुक टुक करू लागला, आणि संध्याकाळपर्यंत थांबला नाही.

राजाचे तळवे पार भाजले होते. ताराऊने त्यांना कोरफडीचा गर लावला आणि आपल्या गार हातांत ते हात धरून ती बसली. त्या गारव्याचा तेवढा उपयोग झाला. तेव्हा राजा रडला. मुलगी गेली त्या दिवशीही तो रडला नव्हता.

ऊन आले, पण बाग लगेच सावरली नाही. तीन वर्षे गारव्यात वाढलेली पाने कोवळी होती. पहिल्या आठवड्यातच ती होरपळली. ताराऊने नारळाच्या झावळ्या बांधून वाफ्यांवर सावली केली आणि रोज थोडी थोडी उघडली. गोगलगाई भिंतीच्या सांदीत गेल्या. शेवाळ सुकून पापुद्र्यांनी सुटले. मधमाश्या बाहेर पडल्या. खजिन्याचा शाप उतरला तेव्हा राजाने त्यातले सोने देऊन शेजारच्या राज्यांतून बियाणे आणवले. गेलेली माणसे सगळी परतली नाहीत. काहींची तिकडे घरे झाली होती. मृगाला पाऊस वेळेवर आला, आणि दिवाळीला खळ्यांवर धान्य वाळत पडले. दवंडी मागे घेतली गेली. पोरे दिवसभर मुद्दाम तोच शब्द ओरडत हिंडली.

पुढल्या वैशाखात राजाने राज्यातल्या प्रत्येक वाटेवर, दर कोसाला, छपराची पाणपोई घातली. राजधानीच्या वेशीबाहेरची पाणपोई तो स्वतः चालवी. भाजलेल्या तळव्यांवर फडके गुंडाळून, साधे धोतर नेसून, बाराच्या ठोक्याला तो तिथे जाऊन बसे आणि ऊन उतरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देई. रांजण भरायला ताराऊ येई.

एके दुपारी एक परगावची बाई आली. कडेवर लहान मुलगी होती, घामाने भिजलेली, चेहरा लाल झालेला. राजाने मुलीला आधी पाणी पाजले, मग ओल्या फडक्याने तिचे कपाळ पुसले, मग आईच्या ओंजळीत धार धरली. बाई सावलीत टेकली. तो कोण, हे तिला माहीत नव्हते.

"फार ऊन आहे हो, दादा," ती म्हणाली.

"हो," राजा म्हणाला. "वैशाख आहे. थोडं उतरलं की जा."

ताराऊने रिकामी घागर उचलली आणि ती विहिरीकडे निघाली.